ओढ

मी मराठीचा एम. ए. हायस्कूलचा मुख्याध्यापक झालो तरी माझा जीव कवितेच्या तासातच रमतो. पण गेल्या जूनमध्ये आमचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले, जागा रिकामी राहिली आणि दहावीचा जीवशास्त्राचा तास कोणी घ्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. सीमाभागातल्या मराठी शाळेत अशा प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच असते : हेडमास्तर. तेव्हा पंचावन्न-छप्पन्नच्या वयात मी रोज रात्री चष्मा पुसून दुसऱ्या दिवशीचा धडा वाचू लागलो.

धडा प्रजननाचा होता. यीस्टच्या पेशीच्या अंगावर कळी फुटते, ती वाढते, सुटी होते आणि नवी पेशी होते, असे मी फळ्यावर चित्र काढून सांगितले. नर नाही, मादी नाही, एकाचे दोन. माझ्या मते विषय संपला होता. एवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरची बेकरी आहे. पहाटे तीनला उठून वडिलांबरोबर पावाचे पीठ मळतो आणि मग शाळेत येऊन डुलक्या घेतो. म्हणाला, "सर, यीस्ट म्हंजे कायम एकटंच ऱ्हातंय? त्येंचं लगीन न्हाई हुईत?"

वर्ग हसला. मीही हसलो. आणि तीस वर्षांच्या नोकरीत ज्या ढालीने मला असंख्य वेळा वाचवले, तीच पुढे केली : "उद्या सांगतो."

रात्री बेंगळूरला धाकटीला फोन लावला. ती सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. प्रश्न ऐकून ती हसली नाही. म्हणाली, "आप्पा, तुमच्या त्या मुलाला शाबासकी द्या. यीस्टचं लग्न होतं. आणि त्यांनी एकमेकांना किती घट्ट धरलंय, हे माणसांनी मोजलंसुद्धा आहे." मग तिने एक शोधनिबंध पाठवला. बेल्जियममधल्या लुव्हँ-ला-नव्ह इथल्या विद्यापीठातल्या आणि न्यूयॉर्कच्या काही संशोधकांनी मिळून केलेले काम, २०२१ साली प्रसिद्ध झालेले. शब्दकोश शेजारी घेऊन आणि धाकटीला रोज फोनवर पिडून मी तो चार रात्री वाचला. वाचता वाचता तो पावाच्या पिठातून उठून माझ्या घरात येऊन बसला. म्हणून हा लेख.

आधी लग्नाचे सांगतो. यीस्टमध्ये नर-मादी नसले तरी दोन जाती असतात. शास्त्रज्ञ एकीला 'ए' म्हणतात, दुसरीला 'अल्फा'. दिसायला दोघी सारख्याच. पाच-सहा हजारांश मिलिमीटरच्या, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर दोनएकशे मावतील एवढ्या. एकेकटी पेशी खुशाल जगते, कळ्या फुटून वाढत राहते. पण शेजारी दुसऱ्या जातीची पेशी असेल तर दोघीही आपापला निरोप पाण्यात सोडतात. अल्फाचा निरोप म्हणजे तेरा अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. याला फेरोमोन म्हणतात. तो पोचला की पलीकडची पेशी कळ्या काढायचे थांबवते. यीस्टला पाय नाहीत, शेपटी नाही, चालत जाता येत नाही. मग ती निरोप आला त्या दिशेला आपले अंगच वाढवते. गोल पेशीला एका बाजूने नाक आल्यासारखे दिसते. या आकाराला शास्त्रज्ञांनी एका जुन्या अमेरिकन व्यंगचित्रातल्या प्राण्यावरून 'श्मू' असे नाव दिले आहे. शास्त्रज्ञही गमतीदार असतात, हे मला या निमित्ताने कळले.

निरोपाने आणखी एक गोष्ट होते. पेशीच्या भिंतीवर चिकट प्रथिने उगवतात. त्यांचे नाव अ‍ॅग्लुटिनिन. ए जातीचे वेगळे, अल्फा जातीचे वेगळे, आणि ती कुलूप-किल्लीसारखी एकमेकांत बसतात. पेशी एकमेकींना धरतात, मधल्या भिंती विरघळतात आणि दोघींची मिळून एक पेशी होते. त्या एका पेशीत दोघींची गुणसूत्रे शाबूत असतात. एकीने दुसरीला पुसून टाकलेले नसते.

धाकटीने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. ही चिकट प्रथिने नसलेले यीस्ट प्रयोगशाळेत तयार करतात. ते घट्ट, स्थिर पृष्ठभागावर शेजारी शेजारी ठेवले तर त्यांचे मीलन जवळजवळ नेहमीसारखेच होते. पण द्रवात सोडून ते द्रव हलवत ठेवले तर होत नाही. म्हणजे स्थिर जागी धरून ठेवायची गरजच नसते. गरज असते ती वाहत्या पाण्यात.

आता मोजमापाकडे येतो. मुले पट्टी बाकाच्या कडेवर धरून मोकळे टोक वाकवतात आणि टण्णकन वाजवतात. तशी एक पट्टी डोळ्यांनी दिसणार नाही इतकी लहान आहे असे समजा. ती आतून पोकळ. टोकाला बारीक भोक. त्या भोकातून हलकेच ओढून घेतले की, शहाळ्यातल्या नळीला मलई चिकटावी तशी एक यीस्ट पेशी टोकाला चिकटून बसते. खाली बशीत दुसऱ्या जातीची पेशी. पट्टी खाली आणायची, दोघींना टेकवायचे, थोडा वेळ टेकवून ठेवायचे आणि मग वर खेचायचे. पेशींनी एकमेकींना धरले असेल तर पट्टी वाकते. किती वाकली ते कसे कळणार? वर्गातली वांड मुले हातातला आरसा किंचित हलवून समोरच्या भिंतीवर मास्तरांच्या टकलापर्यंत कवडसा नाचवतात, तेच तंत्र. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पाडतात. पट्टी केसभर वाकली तरी परतलेला किरण दूरवर सरकतो. वाकणे कळले की जोर कळतो, स्प्रिंगकाट्याचे गणित.

एका गाठीचा, म्हणजे एका कुलूप-किल्लीच्या जोडीचा जोर भरला सुमारे १०० पिकोन्यूटन. माझ्यासारख्याला हा आकडा निरर्थक. म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. ज्वारीचा एक दाणा घ्यावा, त्याचे तीसएक लाख समान तुकडे करावेत. त्यातल्या एका तुकड्याचे वजन म्हणजे हा जोर, असे ढोबळ उत्तर आले. एवढ्याशा धाग्याने दोन जीव एकमेकांना धरतात.

निरोप न मिळालेल्या पेशी टेकवल्या, तर ही खास गाठ पडत नव्हती. जास्त वेळ टेकवून ठेवल्या, तर पकड पुष्कळ वाढत होती. बहुधा त्या वेळात आणखी प्रथिने उगवत असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. इथपर्यंत सगळे आपल्या अनुभवातले. पण पुढचे वाक्य मी तीनदा वाचले आणि धाकटीला रात्री अकराला उठवले. ताण दिला, तर ही गाठ सैल न होता अधिक बळकट होत होती.

आपली साधी समजूत काय? ओढले की तुटते. जास्त ओढले की लवकर तुटते. पेशींच्या चिकटण्याबद्दल जॉर्ज बेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ साली हेच सूत्रात मांडले. पण १९८८ साली मायका डेम्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर दाखवले की उलटेही होऊ शकेल. काही गाठी ओढल्यावर अधिक टिकतील. पंधरा वर्षे ही केवळ कल्पना होती. २००३ साली रक्तातल्या पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीशी धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनावर ते प्रत्यक्ष मोजले गेले. ओढ वाढली तशी गाठ जास्त वेळ टिकली. अर्थात एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे तीही इतरांसारखीच तुटली. यीस्टची गाठ वागते ती याच घराण्यातल्यासारखी. संशोधकांचा अंदाज असा की हे प्रथिन एरवी घडी घालून बसलेले असते आणि तेव्हा त्याची पकड कमजोर असते. ओढ बसली की घडी उलगडते, प्रथिन लांब होते आणि मग खरी मिठी बसते.

वाचकहो, मी भाषेचा माणूस. मला लगेच आपला शब्द आठवला : ओढ. नदीला ओढ असते, दोराला ओढ बसते आणि माहेरचीही ओढ असते. खेचणे आणि जीव लागणे, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. तो ज्यांनी रुजवला त्यांनी पट्टीने काही मोजले नव्हते. संसार मात्र केले असणार.

आमचे लग्न १९९६ सालचे. योगायोग असा की, त्याच वर्षी यीस्टच्या साऱ्या, सुमारे सहा हजार, जनुकांचा आराखडा वाचून पुरा झाला. केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये तो पहिलाच. आमच्या लग्नाचा आराखडा मात्र कोणालाच वाचता आला नव्हता. मी बेळगावचा, घर सीमालढ्यातले. ही धारवाडची, घर कन्नड. बी. एड. ला एका वर्गात होतो. एवढे सांगितले की या भागातल्या वाचकाला पुढचे सांगावे लागत नाही.

ही मराठी शिकली, इतकी की माझ्या चुका काढू लागली. पण एक सवय तिने ठेवली. बरे चालले असले की ती मला 'अहो' म्हणते आणि रागावली की 'री'. कन्नड बायका नवऱ्याला 'री' म्हणून हाक मारतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. स्वयंपाकघरातून 'री!' ऐकू आले की मी हातातले वर्तमानपत्र आधी खाली ठेवतो.

आणि रागावण्याचे प्रसंग काय कमी होते? नोव्हेंबरची पहिली तारीख घ्या. १९५६ साली त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. माझ्या माणसांचा तो काळा दिवस, हिच्या माणसांचा राज्योत्सव. सकाळी माझा मित्र काळी फीत लावून दारात, तर हिचा भाऊ फोनवर शुभेच्छा देतोय. थोरली पाच वर्षांची असताना तिने विचारले, "आज आपण रडायचं की हसायचं?" त्या दिवशी गोड करायचे की चूल थंड ठेवायची, यावरून आमचे दोन वर्षे भांडण झाले. तिसऱ्या वर्षी हिने न विचारता पिठले-भाकरी केली. सुतक नाही आणि सणही नाही. तेव्हापासून आमच्या घरी एक नोव्हेंबरला पिठले-भाकरी.

गावात तणाव असला, बस बंद पडल्या, पाट्यांना काळे फासले गेले की, दोन्ही बाजूंची माणसे आम्हाला आपापल्या बाजूला ओढायची. 'तुझी बायको घरात काय बोलते?' असे मला विचारले जाई आणि 'तुझा नवरा कुठल्या मोर्चात होता?' असे तिला. पण त्याच दिवसांत आम्ही रात्री बाहेरच्या खोलीतला दिवा मालवून स्वयंपाकघरात एकमेकांशी तासन् तास बोलत बसायचो. एरवी इतके बोलल्याचे आठवत नाही.

हे मी धाकटीला फोनवर सांगितले. म्हटले, बघ, तुझे यीस्ट आणि आम्ही सारखेच. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आप्पा, हल्ली तुम्ही भांडत नाही. मला ते बरं वाटत नाही."

मी फोन ठेवला आणि विचार करू लागलो. थोरली पुण्याला, धाकटी बेंगळूरला. घरात आम्ही दोघेच. कोणी ओढायला येत नाही. मी शाळेतून येतो, ही चहा ठेवते, मी वर्तमानपत्र वाचतो, ही टीव्हीवर कन्नड मालिका बघते. नऊला जेवण. सगळे सुरळीत. 'री' शेवटचे कधी ऐकले? आठवेना. संध्याकाळभर आठवत बसलो, तरी आठवेना. प्रथिन घडी घालून बसले होते.

मी इतका उत्साहात आलो, की पुढच्या सोमवारी वर्गात सगळे सांगितले. लग्न, निरोप, नाक, पट्टी, कवडसा. शेवटी म्हटले, "म्हणजे काही गाठी ओढल्याने पक्क्या होतात." बेकरीवाला मुलगा पुन्हा उठला. "पर सर, कच्ची गाठ असली तर वडल्यावर सुटूनच जातीया की. आदी कसं कळायचं, पक्की हाय का कच्ची?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून सुटलो. पण तो प्रश्न सुटला नाही.

त्या रात्री मी निबंधाचा पत्ता पुन्हा पाहिला. लुव्हँ-ला-नव्ह, म्हणजे नवे ल्यूव्हेन. मग जुने कुठे गेले? शोधायला लागलो आणि सीमाभागातल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असे सापडले. ल्यूव्हेनचे विद्यापीठ १४२५ सालचे. पुढे तिथे फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांतून शिकवले जाई. १९६२ साली बेल्जियमने कायद्याने भाषेची सीमारेषा आखली आणि ल्यूव्हेन शहर डच भाषकांच्या बाजूला गेले. फ्रेंच विभागाने शहर सोडून जावे म्हणून मोर्चे निघाले, १९६८ साली त्यावरून देशाचे सरकार पडले, आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. आमच्याकडे महाजन आयोग नेमला गेला तो १९६६ साली, अहवाल आला १९६७ साली. बघा, तीच वर्षे. फ्रेंच तुकड्यासाठी सीमेपलीकडे मोकळ्या जमिनीवर नवे गाव बांधायला १९७१ साली सुरुवात झाली. तेच लुव्हँ-ला-नव्ह. ग्रंथालयाचीही वाटणी झाली : सम क्रमांकाची पुस्तके एकीकडे, विषम क्रमांकाची दुसरीकडे.

मी शाळेचे ग्रंथालय सांभाळलेला माणूस आहे. ते वाचून मी बराच वेळ नुसता बसलो. शेजारी शेजारी उभी असलेली पुस्तके, आणि कोणी क्रमांक बघून एक उचलतो, एक ठेवतो. ओढल्याने तुटलेल्या गाठीतून जे गाव जन्मले, तिथे बसून माणसांनी ओढल्याने घट्ट होणारी गाठ मोजली. यीस्टच्या जनुकांच्या त्या युरोपीय कामाची सूत्रे ज्यांच्याकडे होती, ते आंद्रे गोफोही याच विद्यापीठाचे. तुटल्यावरही माणसे कामाला लागतात, हे खरे. पण तुटले ते तुटलेच.

आणि मला माझा भाऊ आठवला.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. दादाने शिक्षण सोडले आणि फाउंड्रीत कामाला लागला. भट्टीपुढे उभे राहून त्याने जे मिळवले, त्यातून माझी एम. ए. ची फी भरली गेली. १९८६ च्या आंदोलनात त्याने लाठ्या खाल्ल्या. उजव्या खांद्याचे दुखणे त्याला शेवटपर्यंत राहिले. मी कन्नड घरातली मुलगी करणार हे त्याला कळले ते माझ्याकडून नव्हे, बाजारात तिसऱ्याकडून. तो लग्नाला आला नाही. मीही बोलवायला दुसऱ्यांदा गेलो नाही.

आठ वर्षे गेली. २००४ च्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी दादा आमच्या दारापर्यंत आला. हातात मिठाईचा पुडा होता. फाटकाशी उभा राहिला. हिने खिडकीतून पाहिले आणि आनंदाने धावली. माणूस आनंदात असला की मातृभाषेत बोलतो. हिच्या तोंडून निघून गेले, "बर्री, बर्री, ओळग बर्री!" दादा क्षणभर थांबला. मग पुडा कट्ट्यावर ठेवला आणि वळून चालू लागला. हिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी खुर्चीत होतो. वर्तमानपत्र हातात होते. मी उठलो नाही.

आज मला नक्की सांगता येणार नाही, का उठलो नाही. वाटले असेल, त्याने ऐकून घ्यायला हवे होते. वाटले असेल, पुढच्या वर्षी येईल. २००९ साली दादा गेला. मधली पाच वर्षे आम्ही एकाच गावात राहत होतो. ही आजही म्हणते की तिच्या कन्नडमुळे भावोजी परत गेले. मी तिला ते म्हणू दिले. इतकी वर्षे म्हणू दिले.

त्या निबंधात एक बारकावा आहे. ए पेशीचे अ‍ॅग्लुटिनिन दोन भागांचे असते. एक भाग भिंतीत रोवलेला, दुसरा त्याला गंधकाच्या बंधांनी जोडलेला. पलीकडच्या पेशीला धरतो तो हा दुसरा. मधले गंधकाचे बंध शाबूत असणे या पकडीला फार महत्त्वाचे. म्हणजे दोन जिवांतली गाठ सुटते, तेव्हा ती दर वेळी दोघांच्या मधेच सुटलेली असते असे नाही. एकाच्या स्वतःच्या आतला जोड आधीच निखळलेला असू शकतो. दादा फाटकापर्यंत आला होता. त्याच्या बाजूची गाठ मिठाईच्या पुड्यासकट शाबूत होती. निखळले होते ते माझ्या आतले.

बेकरीवाल्या मुलाला द्यायचे उत्तर मला तेव्हा सापडले. निदान अर्धे सापडले. गाठ कच्ची की पक्की, हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही, हे खरे. पण प्रयोगशाळेत एक जोडी तुटली तर दुसरी घेता येते. पुन्हा टेकवता येते, पुन्हा ओढता येते; एका आलेखासाठी अशा कितीतरी जोड्या खर्ची पडतात. मला भाऊ एकच होता.

म्हणून भांडणाने प्रेम वाढते, असा उपदेश मी या लेखातून करणार नाही. यीस्टला ना अभिमान असतो, ना वर्तमानपत्र. आणि त्या प्रयोगातही ताण पहिला आलेला नाही. आधी निरोप, मग सहवास, मग ताण. ज्यांनी निरोपच बंद केले त्यांनी ताणाच्या भरवशावर राहू नये. दादाला मी आठ वर्षांत एक निरोप धाडला नाही.

असो. ऑगस्टमध्ये आम्ही घराला रंग काढला. फाटकावरची पाटी उतरवली. त्या पाटीवर एकोणतीस वर्षे माझे एकट्याचे नाव होते, मराठीत. रंगाऱ्याने विचारले, "तसंच लिव्हू?" मी म्हटले थांब, आणि आत गेलो. ही भाजी निवडत होती. प्रथम मी तिला ते सांगितले, जे एकवीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते : "दादा तुझ्यामुळे गेला नाही. मी उठलो नाही म्हणून गेला." ती काही बोलली नाही. हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मग मी विचारले, "पाटीवर तुझं नाव घालू या. आणि कन्नडमध्येही लिहू या का?"

तिने वर पाहिले. "आत्ता विचारताय? एकोणतीस वर्षांनी?"

मग जे सुरू झाले ते तासभर चालले. माझे वर्तमानपत्र, तिची मालिका, तिच्या आईच्या आजारपणात मी धारवाडला दोनच दिवस राहिलो ते, माझ्या मित्रांपुढे ती अजूनही कन्नड बोलायला बिचकते ते. मीही गप्प बसलो नाही. चहा निवून गेला. पाटीचे बोलायला लागलो तेव्हा वर कोणती भाषा आणि खाली कोणती, यावर गाडी अडली. मी म्हटले मराठी वर, कारण शाळा मराठी. ती म्हणाली कन्नड वर, कारण आजवर खालीसुद्धा नव्हती. मी म्हटले शेजारी शेजारी लिहू. ती म्हणाली, म्हणजे डावीकडे कोण?

आणि मग आवाज चढवून म्हणाली, "री! साकु. आधी जेवायला चला."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

पाटी अजून रंगवायची आहे. रंगारी दोनदा येऊन परत गेला.